वहीतले अकरा दिवस

तुतुझाफी : ते सगळं कळलं. पिल्लू कुठं होतं ते सांग. पोटाशी, की पाठीवर?

वेलू : पाठीवर.

तुतुझाफी : नीट पाहिलंस?

वेलू : पाहिलं, मामा. पाठीवरच होतं.

तुतुझाफी : बघ. पाय प्लास्टरमध्ये घालून इथं ओसरीवर पडल्या पडल्या सांगितलं होतं की नाही? लिच्या लाल व्हायच्या आत ते आईच्या पाठीवर चढणार म्हणून. थांब, लिहून घेतो. वही दे इकडे. किती वाजता?

वेलू : सव्वासात... साडेसात असतील.

तुतुझाफी : असतील? एकतीस वर्षं झाली या वहीला. 'असतील' हा शब्द तिच्यात एकदाही नाही.

वेलू : सव्वासात लिहा.

तुतुझाफी : झाड?

वेलू : कड्याखालचं, ते दोन बुंध्यांचं.

तुतुझाफी : आणि त्याची आई, आपल्या बाईसाहेब, काय करत होत्या?

वेलू : खात होती. कोवळा पाला.

तुतुझाफी : आणि बिचारा खालच्या फांदीवर वाट बघत बसलेला.

वेलू : हो.

तुतुझाफी : तिचं पोट भरेस्तोवर त्या नवऱ्याच्या तोंडात पान जायचं नाही. जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की बायका हसतात आणि पुरुष कॅमेऱ्यात डोकं घालतात. सांगतोस ना?

वेलू : सांगतो.

तुतुझाफी : आणि बोट?

वेलू : वाकवूनच दाखवायला लावतो. तुमच्या पुस्तकात लेमूर असेल, आमच्यात तो बाबाकुतू आहे, आमच्या मूळपुरुषाला झाडावरून पडताना ज्यानं झेललं तो, असं सांगतो. बापाकडे कुणी बोट रोखतं का, असंही म्हणतो.

तुतुझाफी : शाबास. तुझी आई गेली तेव्हा एवढासा होतास. म्हटलं, ह्या पोराला जंगलात न्यावं तर पायाखाली काटकी मोडल्याशिवाय चालता यायचं नाही. आता माझ्याजागी तूच बघतोयस सगळं. गायले का आज?

वेलू : गायले.

तुतुझाफी : कधी?

वेलू : सातच्या थोडं आधी. नेहमीसारखेच.

तुतुझाफी : लांबवर गायले?

वेलू : लांबवर.

तुतुझाफी : म्हणजे इथपर्यंत यायला हवं होतं.

वेलू : वारा उलटा होता, मामा.

तुतुझाफी : वारा नव्हता आज. चुलीचा धूर सरळ वर जात होता, मी बघत होतो. काल वारा होता. परवा नव्हता. वेलू, जरा बस. उभ्या उभ्या नको. मला तुला एक सांगायचंय, आणि ते तुझ्या मामीला अजून सांगितलेलं नाही. आहे कुठं ती?

वेलू : मागं, भांडी घासतेय. मी हाक मारू?

तुतुझाफी : नको. तुलाच सांगतो आधी. माझे कान गेले.

वेलू : काहीतरीच.

तुतुझाफी : काहीतरीच नाही. आज अकरा दिवस झाले. अंधार असतानाच उठून, कुबड्या घेऊन, या दाराशी बसतो. कड्याकडे कान लावून. कड्यावरचं कुटुंब तेवढंच इथून ऐकू येतं, बाकीची सगळी डोंगराआड. त्यांचं गाणं ऐकल्याशिवाय मी कधी चूळ भरलेली नाही. आता सूर्य वर येतो, शेजारणीचा भात शिजून होतो, आणि मला काही ऐकू येत नाही. कोंबडा ऐकू येतो. तू बोलतोस ते येतं. ते मात्र येत नाही. दवाखान्यातली नर्सबाई पाय बघायला आली, तिला विचारलं. ती म्हणाली, बाबा, वय झालं, लांबचं आधी जातं.

वेलू : तिला काय कळतंय.

तुतुझाफी : तिला नसेल कळत. मला कळतंय. आणि गंमत अशी की त्याआधी तीन दिवस लख्ख ऐकलं होतं. इतके गात होते, भर दुपारी सुद्धा. वहीत आहे बघ. 'फार गायले. कारण कळले नाही.' तीन दिवस ओळीनं तेच. आणि मग एकदम दार लावून घेतल्यासारखं झालं. म्हटलं, जाता जाता देवानं पोटभर ऐकवलं.

वेलू : मामा...

तुतुझाफी : पहिल्या दिवशी तू आलास आणि म्हणालास, गायले. मी काय म्हटलं आठवतं?

वेलू : हो म्हणालात. ऐकलं म्हणालात.

तुतुझाफी : खोटं बोललो. तुझ्यासमोर. लाज वाटली रे. आपल्या साहावुलूत कुणीही पाहुणा आला की लोक त्याला माझ्याकडे बोट वाकवून दाखवतात, जणू मीच बाबाकुतू. म्हणतात, हा माणूस घरात बसून सांगेल कुठल्या झाडावर कोण गातंय. आणि त्या माणसाला काही ऐकू आलं नाही, तर तो भाच्यासमोर मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी पण डोलावली. चौथ्या दिवसापासून वहीत 'ऐकले' लिहायचं सोडलं, 'वेलूने ऐकले' लिहायला लागलो. बघ, आहे इथं. तुझ्या नजरेला नाही आलं?

वेलू : आलं.

तुतुझाफी : मग बोलला नाहीस.

वेलू : काय बोलणार?

तुतुझाफी : तेही खरं. म्हाताऱ्याला कोण सांगणार. असो. मी व्होलाबाईला निरोप धाडलाय. ती संशोधन केंद्रातून उद्या येतेय. गावातले मोठे लोकही येतील. सगळ्यांसमोर ही वही तुझ्या हातात द्यायची. मी दोन शब्द बोलेन, तू दोन बोल.

वेलू : उद्या नको. पाय बरा होऊ दे तुमचा.

तुतुझाफी : पायाचं काय, पाय बरा होईल. बहिरा माणूस जंगलात काय करणार? झाडं मोजणार? नाही वेलू. मी अकरा दिवस विचार करतोय. तू रोज येतोस, सगळं बारीकसारीक सांगतोस. काल ते सांगितलंस ना, पिल्लानं आईच्या तोंडातलं पान ओढलं आणि तिनं ओढू दिलं. त्या एका गोष्टीवर मला झोप लागली. तुझ्याकडे डोळा आहे. वही तुझीच.

झेफीन : कसली वही, कुणाची? आणि एवढं हळू काय बोलताय दोघं? मी आल्यावर गप्प बसलात म्हणजे माझ्याबद्दलच असणार.

तुतुझाफी : ये, बस. काय आणलंस?

झेफीन : खरपुडीचं पाणी. भात लागला होता बुडाला, त्याचंच उकळलंय. पंधरा दिवस लेकीकडे राहिले, शहरातल्या भातानं जीव नकोसा झाला. तिथं खरपुडी धरूच देत नाहीत, पातेलं काळं होतं म्हणे. घे वेलू. वाळलास किती. मी नव्हते तर मामाला जेवू घालता घालता स्वतः जेवलास की नाही?

वेलू : जेवलो मामी.

झेफीन : तोंडावरून दिसत नाही. नवीन लग्न झालेल्या पोरानं कसं दिसायला हवं. तुझी बायको मघाशी ओढ्यावर भेटली, म्हणाली, हल्ली पहाटे जातो आणि घरी येऊन बोलत नाही.

तुतुझाफी : माझं काम करतोय तो. दमतो.

झेफीन : बरं, मला एक सांगा, आज तुमचा डोंगर गप्प कसा? मी उजाडायच्या आत ओढ्यावर होते. म्हटलं, पंधरा दिवसांनी आलेय, बाईसाहेब गळा काढून स्वागत करतील. कुठलं काय. सगळे कपडे धुऊन झाले, नुसते बेडूक.

तुतुझाफी : काय म्हणालीस?

झेफीन : गायलेच नाहीत म्हटलं.

तुतुझाफी : गायले. वेलूनं ऐकलंय. सातच्या आधी.

झेफीन : मग मला कसं नाही ऐकू आलं?

तुतुझाफी : तुलाही नाही आलं? सुआच्या आई, इकडे बघ. खरं सांग, खरंच नाही आलं?

झेफीन : अहो, नाही म्हणजे नाही. हसताय काय?

तुतुझाफी : तुझेही गेले. देवा, तुझेही कान गेले. वेलू, ऐकलंस का? मी अकरा दिवस तोंड लपवून बसलोय, आणि ही आपली मोठ्या आवाजात सांगत सुटलीये. अगं, आपण म्हातारे झालो. दोघं एकदम.

झेफीन : म्हातारे तुम्ही. माझ्या कानाला काही झालेलं नाही. सुआचं बाळ दोन खोल्यांपलीकडे कुशीवर वळलं तरी मला जाग यायची.

तुतुझाफी : ते जवळचं. लांबचं आधी जातं. नर्सबाईला विचार. हस की जरा. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघ. एकट्याचं गेलं की लाज वाटते, दोघांचं गेलं तर नुसतं वय. वेलू, तू का हसत नाहीस?

वेलू : हसतोय की.

तुतुझाफी : हा असा हसतो? बरं, आता वहीचं काम पुरं करू. पिल्लू पाठीवर चढलं, सुआच्या आई.

झेफीन : चढलं? मग नाव ठेवायचं आज.

तुतुझाफी : तेच. पोटाशी असेपर्यंत नाव ठेवायचं नाही, पाठीवर आलं की ते जगणार, मगच वहीत नाव चढवायचं. गेल्या खेपेच्या पिल्लाचं तसंच केलं, त्याच्या आधीच्याचंही. या खेपेला मी नाव कधीचं ठरवून ठेवलंय. सुआनं काय नाव ठेवलं म्हणालीस तिच्या पोराचं?

झेफीन : रिवू.

तुतुझाफी : रिवू. एक नातू तिकडे आईच्या पाठीवर, एक इकडे. दोघांना एकच नाव. मोठा झाला की त्याला आणू, म्हणू, बघ, तो तिथं वर बसलाय तो तुझ्याच नावाचा. झरणी दे ती. 'पिल्लू पाठीवर आले. नाव...'

वेलू : नका लिहू.

तुतुझाफी : का रे?

वेलू : ते नाव नका लिहू, मामा. पोराचं नाव नका देऊ त्याला.

(वेलू वहीच्या उघड्या पानावर हात ठेवतो.)

झेफीन : वेलू, हात काढ. शाई ओली आहे.

वेलू : ते मेलंय.

तुतुझाफी : कोण?

वेलू : पिल्लू. अकरा दिवस झाले. पाठीवर नाही आलं ते. कधीच नाही आलं.

झेफीन : मग आत्ता तू मामाला काय सांगत होतास?

वेलू : खोटं सांगत होतो. सव्वासात, दोन बुंध्यांचं झाड, आईच्या तोंडातलं पान, सगळं मनचं. गायलेही नाहीत. अकरा दिवसांत एकदाही नाही. तुमचे कान कुठंही गेलेले नाहीत, मामा. मामीचेही नाहीत. ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

झेफीन : अहो, काहीतरी बोला.

तुतुझाफी : थांब. थांब जरा. म्हणजे मी बसलो होतो दाराशी, आणि मला ऐकू आलं नाही, ते बरोबरच होतं.

वेलू : बरोबर होतं.

तुतुझाफी : एकही दिवस चुकलो नाही.

वेलू : नाही.

तुतुझाफी : बरे आहेत. माझे कान बरे आहेत, सुआच्या आई.

झेफीन : अहो, तो पिल्लू मेलं म्हणतोय.

तुतुझाफी : हो. ऐकलं मी. ऐकलं. तोंडातून आधी तेच निघून गेलं, काय करू. कसं मेलं, वेलू?

वेलू : माझ्यामुळं.

तुतुझाफी : कसं ते सांग. सगळं सांग, मधलं गाळू नकोस.

वेलू : तुमचा पाय मोडला त्या आठवड्यात पाऊस धरून होता. रोज पाहुणे नेत होतो आणि ते गात नव्हते. बाकीचे वाटाडे नाक्यावर बसून म्हणायचे, मामा नेतो तेव्हा गातात, भाचा नेतो तेव्हा जांभया देतात. रोज तेच. मग ते जोडपं आलं, दोघंही म्हातारी. त्यांच्याजवळ एकच सकाळ होती. बाई म्हणाली, सगळा जन्म वाट पाहून मादागास्करला आले ते फक्त हे गाणं ऐकायला. आणि वर ते सगळे बसलेले, ढिम्म. मग मी मोबाइल काढला.

तुतुझाफी : ध्वनिमुद्रण लावलंस. बाबाकुतूचं.

वेलू : हो.

तुतुझाफी : वाटाड्यांच्या संघटनेत ते चालत नाही. मोबाइल तपासतात तुमचे. आणि मी तुला सांगितलं होतं, आपल्या जागेत परका शिरला असं वाटतं त्यांना. घरात चोर शिरल्यासारखं. कुठून आणलंस ते?

वेलू : ते विचारू नका.

तुतुझाफी : विचारतो.

वेलू : लग्नाचा व्हिडिओ होता. माझ्या लग्नाचा. तपासणारे लग्नाचा व्हिडिओ कशाला बघतील. त्यात जेवणं झाल्यावर तुम्ही... सगळ्यांनी आग्रह केला होता तुम्हाला.

झेफीन : अगं बाई.

तुतुझाफी : माझा आवाज.

वेलू : तुम्ही ओढ्यापलीकडच्या त्या दांडग्या नराची नक्कल केली होती ना. सगळे टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या कापून टाकल्या. मधला तेवढा तुकडा ठेवला. छोट्या स्पीकरला जोडला आणि नेच्यांत ठेवून दिला.

झेफीन : मी तेव्हाच म्हटलं होतं. उसाची दारू चार घोट पोटात गेली की तुम्हाला कुणीही चढवावं. म्हटलं, हा आवाज जंगलातला आहे, मांडवात काढू नका.

तुतुझाफी : म्हणाली होतीस. माझा बापही म्हणाला होता. वीस वर्षांचा होतो तेव्हा पहिल्यांदा काढला होता हा आवाज, बापानं सगळ्यांदेखत कान पिळला. म्हणाला, त्यांचं तोंड माणसानं घेऊ नये. चाळीस वर्षं नाही काढला. मग तुझं लग्न झालं, आणि मला वाटलं, एकदा लोकांना दाखवावं आपल्याला काय येतं ते. पुढं सांग. ते फसले?

वेलू : लगेच. बिचारा खाली उतरला, इतका खाली कधी येत नाही. बाईसाहेब ओरडायला लागली. सगळे गायले. ती म्हातारी रडली, माझे हात धरले तिनं. नाक्यावर आलो तर वाटाडे गप्प. दुसऱ्या दिवशी परत लावलं. तिसऱ्या दिवशी दोनदा लावलं.

तुतुझाफी : भर दुपारी.

वेलू : हो.

तुतुझाफी : तेच मी इथं बसून लिहीत होतो. फार गायले. कारण कळले नाही. खूश होतो रे मी. नर्सबाईला पण ऐकवलं, म्हटलं, बघ कसे गातायत.

वेलू : तिसऱ्या दिवशी एका पाहुण्यानं सरळ बोट दाखवलं. मी त्याला झापलं. आमचा बाप आहे तो, बोट वाकवा. एका हातानं त्याचं बोट वाकवत होतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल होता. तेवढ्यात तिनं उडी मारली, आवाजाच्या दिशेनं. बुंधा ओला होता. तिनं बुंधा धरला, पण आपटली. पिल्लू सुटलं.

झेफीन : उंचावरून?

वेलू : उंचावरून. पाहुण्यांना कळलंही नाही. त्यांना वाटलं फांदी पडली. मी म्हटलं, हो, फांदी आहे, चला. संध्याकाळी परत गेलो. ती तिथंच बसली होती, खालच्या फांदीवर. मला बघितलं आणि मग गेली. सगळेच गेले, कड्याच्या पलीकडे. मी रोज जातो, मामा. जायला चुकलो नाही एकदाही. पाचव्या दिवशी लांबून दिसले, झाडतोड चाललीय त्या बाजूला. नुसते बसले होते. ती एक हात पोटाशी धरून होती, पोटाशी काही नव्हतं.

तुतुझाफी : पिल्लाचं काय केलंस?

वेलू : पुरलं.

झेफीन : कशात?

वेलू : तिथंच, नेच्यांखाली.

झेफीन : कशात गुंडाळून, ते विचारतेय मी.

वेलू : कशात नाही. माझ्याजवळ काही नव्हतं. घरून कापड आणायला गेलो असतो तर बायकोनं विचारलं असतं कोण गेलं.

झेफीन : बाबाकुतूला कापडाशिवाय मातीत घातलंस? कुत्र्यामांजरासारखं? तुझ्या आईला कफनाच्या लांब्यात गुंडाळताना टोक मी धरलं होतं, वेलू. तू बघत होतास. मामीकडे तरी यायचंस.

वेलू : तू नव्हतीस.

झेफीन : तुझा मामा होता.

वेलू : मामाकडेच आलो होतो. दुसऱ्याच दिवशी. सांगायचं म्हणूनच आलो होतो. तर त्यांनी वही उघडून विचारलं, गायले का रे. माझ्या तोंडातून हो गेलं. मग त्यानंतर नाही कसं म्हणू? रोज वाटायचं उद्या सांगू. आणि ते इतके खूश व्हायचे की मी आणखी सांगायचो. मला माहीत नव्हतं की ते स्वतःला बहिरे समजतायत. 'वेलूने ऐकले' वाचलं तेव्हा कळलं. तरी गप्प बसलो. आत्ता तुम्ही दोघं हसत होता ना, तेव्हाही मनात आलं, बरं झालं, आता दोघांनाही पटलंय, सुटलो. एवढा हलकट झालोय मी.

तुतुझाफी : झालं सांगून?

वेलू : झालं. मला मारा, मामा. काहीतरी बोला.

तुतुझाफी : काय बोलू? तुझ्यावर ओरडायला तोंड उघडतो तर तेच तोंड आठवतं. माझ्याच आवाजानं गेलं ते पोर. तू लावलास, खरं आहे, पण तो आवाज माझा होता. आणि पोर गेल्याचं कानावर पडलं तेव्हा मी काय म्हटलं? माझे कान बरे आहेत म्हटलं. हिच्यासमोर.

झेफीन : आता दोघं मिळून रडत बसू नका. काय करायचं ते बोला. पेटीत मी नवा लांबा आणलाय, सुआनं दिलेला. तुमच्यासाठी होता.

तुतुझाफी : काढ तो. उद्या हा जाईल आणि ते पोर उकरून, नीट गुंडाळून पुन्हा ठेवेल. मला न्यायला चार माणसं लागतील, पण मीही येणार. तिथं उभं राहून बोलणार. वही घे, वेलू.

वेलू : मी नाही घेणार वही. मला द्यायची नाही ती आता.

तुतुझाफी : तुला देत नाहीये. लिहायला सांगतोय. ते अकरा दिवस काढ.

वेलू : पानं फाडू?

तुतुझाफी : फाडायचं नाही. मी लिहिलंय ते तसंच राहू दे, दिसू दे. प्रत्येक दिवसाखाली तुझ्या अक्षरात लिही. 'गायले नाहीत.' पहिले तीन दिवस मी 'ऐकले' लिहिलंय, त्याखाली मी स्वतः लिहितो, 'ऐकले नव्हते.' आणि त्या आधीच्या, फार गायलेच्या, तीन दिवसांखाली लिही, कारण काय ते.

वेलू : कारण काय लिहू?

तुतुझाफी : 'तुतुझाफीचा आवाज, वेलूचा मोबाइल.' तेवढं पुरे.

वेलू : तुमचं नाव नको, मामा. व्होलाबाई वाचेल. तुमच्या नावाला...

तुतुझाफी : वाचू दे. ती उद्या येतेच आहे, मोठे लोकही येतायत. बोलावणं मागं घ्यायचं नाही. त्यांच्यासमोर तू बोलायचंस. नंतर मी बोलेन.

वेलू : वाटाड्याचा बिल्ला जाईल माझा.

तुतुझाफी : जाईल बहुतेक.

वेलू : काय बोलू मी त्यांच्यासमोर? मला सुरुवातसुद्धा करता येणार नाही.

झेफीन : सुरुवात सगळ्यांची एकच असते. चार माणसांत उभं राहिलं की आधी क्षमा मागायची, मी लहान, मी अडाणी, बोलायला धजतोय, चुकलंमाकलं पदरात घ्या. लहानपणापासून पाठ आहे तुला. मामा तर झोपेत म्हणतात.

तुतुझाफी : म्हणतो. जन्मभर म्हणत आलो, आणि म्हणताना मनात असायचं पुढचं भाषण. उद्या त्या क्षमेपुढं काही बोलायचं नाहीये. तेवढीच मागायची आणि खाली बसायचं. लिहितोयस ना?

वेलू : लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

तुतुझाफी : येऊ दे. वाचता आलं पाहिजे एवढंच. कितवा दिवस?

वेलू : सातवा. इथं तुम्ही लिहिलंय, 'वेलूने ऐकले. पिल्लू हसल्यासारखे दिसले, असे वेलू म्हणतो.'

झेफीन : असं सांगितलंस तू ह्यांना?

वेलू : सांगितलं.

तुतुझाफी : त्याखाली पण तेच लिही.

वेलू : 'गायले नाहीत.'

तुतुझाफी : पुढं.

वेलू : आठवा. नववा. दहावा. आणि आजचा, मामा. इथं तुम्ही 'नाव' लिहून थांबलायत.

तुतुझाफी : तिथं रेघ मार. नाव नाही.

वेलू : मारली.

झेफीन : पाणी प्या दोघं. थंड झालं.

वेलू : मामा, ते परत येतील का कड्यावर? परत गातील?

तुतुझाफी : ते मला कसं ठाऊक असणार? गायले, तर ऐकू येईल मला.